गोठलेल्या तळ्यावरची राहुटी

घर पाहावे बांधून, असे आपले वाडवडील सांगून गेले. पण जे घर सकाळी बर्फावर उभे करायचे आणि संध्याकाळी घडी घालून मोटारीत टाकायचे, त्याची निवडही काही सोपी नसते, हे मला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात कळले.

लेकीकडे हिवाळा काढायला मी गेलो होतो. मिनीॲपोलिसच्या उत्तरेला सुमारे १६० किलोमीटरांवर मिल लॅक्स नावाचे तळे आहे. तळे कसले, समुद्रच तो! क्षेत्रफळ ५०० चौरस किलोमीटरांहून अधिक. हिवाळ्यात ते गोठते आणि त्याच्या पाठीवर माणसांची वस्ती उठते. बर्फ वर तरंगतो, खाली पाणी पाणीच राहते आणि मासे त्यात सुखेनैव हिंडत असतात. बर्फाला गिरमिटाने भोक पाडायचे, गळ सोडायचा आणि वाट पाहायची. पण उणे वीस अंशांच्या वाऱ्यात वाट पाहणार किती वेळ? म्हणून राहुटी.

यंदा आठ वर्षांच्या नातवालाही न्यायचे होते. लेकीने बजावले, "बाबा, तो गारठला तर त्याच पावली परत यायचं!"

दुकानात दोन प्रकार होते. पहिला घसरगाडीवरचा. गाडीतच बैठक, गाडीतच सामान. कापड डोक्यावरून पुढे ओढले की झाले घर. मासा इथे नाही, तर पन्नास पावलांवर असेल, अशा हिशेबाने सारख्या जागा बदलणाऱ्यांसाठी हा उत्तम. मिनेसोटाच्याच डेव्ह गेन्झ यांनी १९८० च्या दशकात तो लोकप्रिय केला. दुसरा प्रकार छत्रीसारखा. भिंती आणि छत आतून ढकलले की ताणून उभे राहतात. आत ऐसपैस जागा, पण बैठका आपल्या आपण न्यायच्या. शिवाय वाऱ्यात तो उभा करताना वाऱ्याकडची बाजू आधी मेखेने बर्फात जखडावी लागते, नाहीतर घर निघाले तळ्याच्या सफरीला!

जावयांचा ओढा पहिल्याकडे होता. पण आम्ही चौघे, त्यात एक मूल. जागोजागी धावणे आमच्याच्याने होणार नव्हते. शेवटी दुसराच घेतला, तोही अस्तराचा. साध्या कापडावर श्वासाची वाफ गोठते आणि शेगडी लागली की थेंबथेंब डोक्यावर गळते. अस्तराने ते पुष्कळ कमी होते.

मात्र खरी परीक्षा कापडाची नव्हे, हवेची. गॅसच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड निघू शकतो. त्याला ना रंग, ना वास. म्हणून वरचा आणि खालचा झरोका उघडा ठेवायचा आणि त्या वायूची सूचना देणारे यंत्र आत टांगायचे. बर्फाचाही नियम आहे: पायी चालायला निदान चार इंच नवा, स्वच्छ, पारदर्शक बर्फ हवा, पांढरट असेल तर त्याच्या दुप्पट. आमच्या जावयांनी वाटेत ठिकठिकाणी भोके पाडून तो मोजला, तेव्हा कुठे नातवाला पुढे येऊ दिले.

आत शेगडीने छान ऊब धरली. खालच्या झरोक्यातून मात्र सुरीसारखी थंडी येई. "थोडा वेळ लावून घेऊ का?" जावयांनी विचारले. मी काही न बोलता माझी खुर्ची उचलली आणि झरोक्यापाशी, नातवाच्या आणि वाऱ्याच्या मध्ये मांडली.