चाकांवरच्या बिऱ्हाडाची यादी

यादी करणे हा माझा फार जुना छंद आहे. चौतीस वर्षे बँकेत आकड्यांखाली आकडे मांडण्यात गेली, त्याचा हा परिणाम असावा, असे आमच्या घरातल्या मंडळींचे मत आहे. फराळाच्या सामानाची यादी, आहेराची यादी, प्रवासाला निघताना बरोबर घ्यायच्या जिनसांची यादी! पुण्याच्या आमच्या बिऱ्हाडातून यादीवाचून कोणी स्टेशनापर्यंत गेल्याचे मला आठवत नाही. मुले या छंदाची थट्टा करतात. सूनबाई थट्टा करीत नाही, पण यादी हातात घेताना हसते. असो. गेल्या वर्षी नवरात्रात हट्ट्याहून पुतण्याचा फोन आला आणि आमच्या छंदाला एकाएकी चांगले दिवस आले.

"काका, म्या दोन ट्रॉल्या घेतल्या. जुन्याच हाईत, पर बऱ्या हाईत. दसऱ्याला येताव तवा सामानाची यादी करून द्या. तुमची यादी लई बारकाईची असती."

हट्टा म्हणजे आमचे गाव. वसमत तालुक्यातले. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा परभणी असा आहे आणि पुतण्याच्या मुलाच्या दाखल्यावर हिंगोली. कारण १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. म्हणजे आमचे घर एक वीतभरही न हलता दुसऱ्या जिल्ह्यात गेले! त्या घरातला मुलगा आता चाके लावलेले घर घेऊन रस्त्याने निघणार होता.

शहरातल्या वाचकांना ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टरमागची गाडी, एवढे ठाऊक असते. मोटारीतून जाताना ती पुढे आली की आपण चरफडतो आणि हॉर्न वाजवतो. परंतु दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून निघणाऱ्या ट्रॉल्यांत ऊस नसतो. त्यांत माणसे असतात. ऊसतोडीला निघालेली टोळी आपल्या भांड्याकुंड्यांसह, शेळ्या-कोंबड्यांसह तीत बसून दोन-दोन, तीन-तीनशे किलोमीटर जाते. फडाजवळ उतरून कोपी घालते, आणि मग पुढचे चार-सहा महिने तीच ट्रॉली ऊस वाहते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पुतण्याने सोलापूरकडच्या एका कारखान्याशी वाहतुकीचा करार केला होता आणि जवळपासच्या दोन गावांतले दहा कोयते ठरवले होते. वसमतचा पूर्णा कारखाना हाकेच्या अंतरावर असताना एवढ्या लांब का, असे मी विचारले. तो म्हणाला, "तिकडं हंगाम लांबतो काका. बँकेचा हप्ता बी लांबच हाय ना." बँकेच्या माणसाला यावर काय बोलता येणार?

विलायतेत आणि अमेरिकेत मोटारीमागे चाकांचे घर जोडून लोक सुट्टीला जातात. आपल्या राज्य सरकारनेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्या घरात पलंग, शेगडी, न्हाणीघर, सारे काही असते म्हणे. असेल बापडे. आमच्याकडच्या या घराला छप्परसुद्धा नसते. आणि तरीही पहिल्यांदा असे घर घेणाऱ्याला पडणारे प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत. काय बांधायचे, कशाने बांधायचे, आणि वाटेत काही मोडले तर काय करायचे!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसून मी वहीच्या माथ्यावर 'श्री' काढला. पहिली जिन्नस पुतण्यानेच सांगितली : जोडणीची पिन. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांचे सारे नाते या मनगटाएवढ्या लोखंडी खुंटीवर असते. ती झिजते, आणि रस्त्याच्या धक्क्याने वर उसळून निघूही शकते; म्हणून तिच्या खालच्या टोकाला अडकवायची क्लिप हवी. क्लिप हरवली की पुष्कळ ठिकाणी खिळा नाहीतर तार घालून भागवतात, ते मला मुळीच पसंत नाही. मी लिहिले : पिन दोन जादा, क्लिपा चार. त्याखाली लिहिली साखळी. पिन निघालीच तर ट्रॉली सुटून मागच्या माणसाच्या अंगावर जाऊ नये, म्हणून ही साखळी दोन्हींना बांधून ठेवायची. दोन ट्रॉल्या एकामागे एक, म्हणून साखळ्याही दोन.

मग जॅक, चाकाचा पाना, जादा चाक, हवा मोजायचे यंत्र, ग्रीसगन. चाकाखाली लावायचे लाकडी ठोकळे चार. कारण उतारावर दगड शोधत फिरण्याची वेळ नेमकी अंधारातच येते. नवे चाक चढवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनी नट पुन्हा आवळावे लागतात, हेही लिहिले. ही जिन्नस नव्हे; पण यादीत काम लिहिले की ते होते, असा माझा अनुभव आहे.

आमचे दादा तंबाखू मळत ऐकत होते. ते म्हणाले, "ओझं कसं भरायचं ते लिव्ह की. मागं जड झालं की गाडी उलाळ व्हती." दादांनी हयात बैलगाडीवर काढलेली. मागे भार झाला की जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. फार पुढे झाला तर तो सारा त्यांच्या मानेवर येतो. दोनचाकी ट्रॉलीचे गणित अगदी हेच आहे. फक्त बैलांच्या जागी ट्रॅक्टरचा हुक. मागचे ओझे वाढले की ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात, आणि मग चढावर गाडी चालवणाऱ्याचे दैवच बलवत्तर लागते. म्हणून पाण्याचे पिंप, पिठाची पोती, पत्रे हे सारे तळाला आणि थोडे पुढच्या अंगाला. बाजा आणि गाठोडी वर. मी दादांच्या शब्दांतच लिहून घेतले. 'उलाळ' हा शब्द माझ्या वहीत साठ वर्षांनी आला.

आतून वहिनी आल्या. त्यांनी यादी वाचून घेतली आणि म्हणाल्या, "भावजी, यादी चांगली हाय, पर समदी लोखंडाची झाली. बायामाणसं वर चढणार कशी ते सांगा."

वहिनींनी मग आपली यादी सांगितली आणि मी कारकुनासारखी ती उतरून घेतली. चार पायऱ्यांची लोखंडी शिडी. ट्रॉलीचे फळकूट छातीइतके उंच असते आणि टोळीत एक पोर पाच महिन्यांची गरोदर होती. दोन जुनी नऊवारी लुगडी : एकाची झोळी, दुसऱ्याचा आडोसा. पाऊस आला तर वर ओढायला ताडपत्री, आणि ती बांधायला सुंभ नव्हे, नायलॉनचा दोर. झाकणाचे पाण्याचे पिंप आणि त्याला खाली तोटी, म्हणजे कोणी हात बुडवणार नाही. बॅटरी. साखर-मिठाच्या पुड्या, कापूस, पट्ट्या, तापाच्या गोळ्या. साप चावला तर कोठे न्यायचे, त्या फडाजवळच्या सरकारी दवाखान्याचे नाव आणि फोन एका पुठ्ठ्यावर लिहून ट्रॉलीला टांगायचे. ही सूचना माझी. पण वहिनींनी ती मंजूर केली.

कागदपत्रांचेही एक पान झाले. शिधापत्रिका आता गावातल्याच दुकानाला बांधलेली राहिलेली नाही. दुसऱ्या जिल्ह्यातही अंगठा लावून धान्य मिळते, म्हणून ती बरोबर हवी. टोळीत सहा महिन्यांची एक मुलगी होती. तिची गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यात, म्हणजे ऐन हंगामात, फडावरच येणार. तिच्या लसीचे कार्ड आईने पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या साडीच्या घडीत जपून ठेवले होते. ते हाताशी ठेवा, असे वहिनींनी तिला दोनदा बजावले. गरोदर पोरीचे कार्डही तसेच. पिन-साखळीच्या यादीत लसीचे कार्ड पाहून पुतण्या हसला. पण ट्रॉलीतून जाणार होती ती ही माणसेच.

आता जिच्यासाठी मी हे सारे लिहायला बसलो त्या जिनसेकडे येतो. जुन्या ट्रॉल्यांची पाठ पाहायला आम्ही खळ्यात गेलो. दोन्ही ट्रॉल्यांना मागे दिवा नव्हता. दिव्याची तार होती, ती कोणी तरी कापून नेली होती. लाल काचेचा एक तुकडा एका कोपऱ्यात उरला होता, त्यावर धुळीचे बोटभर पूट.

माझ्या बँकेतल्या एका स्नेह्याचा मुलगा काही वर्षांपूर्वी दिवाळीसाठी घरी येत होता. रात्रीची वेळ, सरळ रस्ता. टायर फुटल्याने कडेला उभ्या असलेल्या ट्रॉलीवर त्याची मोटार मागून आदळली. तो वाचला, उजव्या पायाने अजून लंगडतो. चाकाजवळ बसून बॅटरी धरणारा ट्रॉलीवरचा पोरगा वाचला नाही. दोन्ही घरांत त्या वर्षी दिवे लागले नाहीत. माझ्या स्नेह्याने तो प्रसंग सांगितला तेव्हा मी घरी येऊन, सवयीप्रमाणे, आकडे मांडले होते. मोटार ताशी ८० किलोमीटरने येते, म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. मंद केलेल्या दिव्यांत काळोखी वस्तू पन्नासएक मीटरवर दिसली, तर हातात दोन-सव्वादोन सेकंद उरतात. आणि तेवढ्या वेगातली गाडी थांबायला, पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अंतर धरून, साठ-सत्तर मीटर तरी लागतात. चालवणारा कितीही सावध असो, हा हिशेब जुळतच नाही. चालती ट्रॉली असली तरी तिचा वेग पंधरा-वीसचा. हिशेब थोडा सुधारतो, इतकेच.

उलट दिव्याचा उजेड परतवणारी तांबडी चमकपट्टी दोनशे मीटरवरूनही पेटल्यासारखी दिसते. तिला बॅटरी लागत नाही, तार लागत नाही. वाहनाच्या पाठीला तांबडे परावर्तक असावेत असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे, आणि हंगामाच्या तोंडाशी पुष्कळ कारखान्यांवर पोलीस आणि परिवहन खात्याची माणसे स्वतः उभी राहून पट्ट्या चिकटवतात. परंतु पट्टी धुळीने माखते, आणि ट्रॉली भरली की उसाचे वाढे मागे लोंबून तिला झाकून टाकते. तेव्हा नुसती लावून भागत नाही. ती कोठे लावली याला महत्त्व. आम्ही खालच्या आडव्या पट्टीवर, वाढ्यांच्या टोकाहून खाली येईल अशी एक ओळ लावली. दोन्ही बाजूंना पिवळी. आणि शिवाय एका जाड कापडावर पट्ट्या शिवून घेतल्या, तो पडदा भरलेल्या उसावर मागून टांगायचा. कापड वहिनींच्या शिलाई यंत्रावर शिवले. यंत्राची सुई दोनदा मोडली. दिव्याच्या तारा वसमतच्या वायरमनकडून नव्या घातल्या, आणि बिघाड झाला तर रस्त्यावर मांडायचे चमकते त्रिकोण दोन घेतले. ते ट्रॉलीपाशीच मांडून उपयोग नाही. पन्नास पावले मागे नेऊन ठेवायचे, हे पुतण्याकडून मी तीनदा वदवून घेतले.

"काका, ट्रॉल्यांचं काय, उसाच्या गाड्या जन्मभर अशाच चालल्यात," तो जरा कंटाळून म्हणाला.

दादांनी तंबाखूची पिंक टाकली. "आपल्या गाडीखाली कंदील नव्हता का रे? तेल नसलं तर माय अर्धी रात्र अडवून धरायची, पर बिनकंदिलाची गाडी शिवंबाहेर जाऊ देत नव्हती." आमच्या लहानपणी गाडीच्या आसाजवळ वंगणाची नळी आणि कंदील शेजारी शेजारी टांगलेले असत. त्या काळी मागून येऊन येऊन येणार कोण? दुसरी बैलगाडीच! तरीही कंदील असे. दादांचे म्हणणे संपले तेव्हा पुतण्या काही न बोलता उरलेल्या पट्टीचे वेटोळे उचलून ट्रॅक्टरच्या चिखलपंख्यांकडे गेला.

पट्ट्यांचा सगळा खर्च एका टायरच्या ट्यूबहून कमी आला. आकडा मी वहीत मांडला आहे, पण दुकानागणिक भाव वेगळा, म्हणून येथे देत नाही.

टोळी निघाली ती वसुबारसेच्या आदल्या पहाटे. रात्रीचा प्रवास शक्य तितका टाळायचा, ही यादीतली शेवटची ओळ. परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई असे मुक्कामाच्या बेताने जायचे ठरले. शिडी लावून बायका चढल्या. गरोदर पोर सगळ्यांत शेवटी चढली आणि पिठाच्या पोत्याला टेकून बसली. एक शेळी मात्र शिडीला बधेना. तिला चौघांनी उचलून आत टाकली. फराळाचा डबा वहिनींनी वर दिला आणि डबा परत आणायचा म्हणून बजावले.

मी पुण्याला आलो. भाऊबीज होऊन आठएक दिवस झाले असतील, पुतण्याचा फोन आला. मागून यंत्रांचा आवाज येत होता. कारखान्याच्या रांगेत त्याची ट्रॉली उभी होती.

"काका, पहिल्याच हप्त्यात टायर बसला. रात्री अकराला. त्रिकोण मांडले, मोजून पन्नास पावलं. चार गाड्या आल्या, चारी लांबूनच हळू झाल्या." मग जरा थांबून तो म्हणाला, "आता असं करा, पट्टीचे दहा रोल पाठवा. पैसे लावून देतो. इथं रांगंत मपल्या मागं पुढं समद्या ट्रॉल्या आंधळ्याच हाईत, आन् आपला पडदा बघून लोक इचारायलेत. आन् काका, ती यादी बी पाठवा. वही नको, झेरॉक्स पाठवा."

दुसऱ्या दिवशी मी रोल धाडले आणि यादीच्या वीस प्रती काढल्या. वहिनींचे पान मी वर ठेवले, लोखंडाचे खाली.