परदेश दौरा : निवड की खरेदी?

दुधनीत व्हॉलीबॉलला फारसं काही लागत नाही. दोन बांबू, एक जाळी, एक चेंडू आणि मोकळी जागा. संध्याकाळी आमच्या वस्तीतली पोरं खेळायला उतरतात. निम्मी कन्नड बोलतात, निम्मी मराठी, आणि भांडण झालं की दोन्ही भाषा कामाला येतात.

यंदा या पोरांसाठी एक परदेश दौरा चालून आला. कुठल्याशा संस्थेचा माणूस वस्तीत आला. नेपाळमध्ये युवकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे, सोबत सांस्कृतिक कार्यक्रम आहे, पदक, प्रमाणपत्र आणि ट्रॅकसूट मिळेल, असं त्यानं सांगितलं. माणशी १८ हजार रुपये. एकाही पोराचा खेळ त्यानं पाहिला नाही. पैसे भरेल तो संघात.

वस्तीत आनंदाची लाट आली. एक मावशी आम्हाला म्हणाल्या, "सर, पोरगं फॉरेनला निघालंय म्हणल्यावर दोन शेळ्या इकाय काय झालं?"

मावशींची हौस खोटी नाही. ज्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर जाता येत नव्हतं, त्यांच्या नातवानं देशाबाहेर खेळावं, ही इच्छा आम्हीही बाळगतो. म्हणूनच प्रश्न विचारणं भाग आहे. ही निवड आहे की खरेदी?

मित्रहो, आपल्या माणसाचा परदेश दौरा कसा असतो, याचा इतिहास आपल्याकडे आहे. १९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय क्रिकेट संघ इंग्लंडला गेला. त्या संघात चर्मकार समाजाचे पळवणकर बाळू होते, त्यांचे भाऊ शिवरामही होते. संघानं बहुतेक सामने गमावले. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांना कुणी पैसे घेऊन नेलं नव्हतं. त्यांच्या बोटांतली फिरकी टाळून संघ उभा करणं शक्य नव्हतं, म्हणून नेलं.

आणि हेच बाळू पुण्यात हिंदूंच्या संघाकडून खेळत, तेव्हा चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. मैदानावर चेंडू सगळे हाताळत, कपाला मात्र विटाळ! इंग्लंड गाजवून परत आल्यावर तरी हिंदू संघाचं कप्तानपद मिळालं का? नाही मिळालं. त्यासाठी भावांना भांडावं लागलं, आणि १९२३ मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल कप्तान झाले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पराभूत झाले. तो राजकीय मतभेद आम्ही लपवत नाही. पण त्यांच्या दौऱ्यातून मिळणारा धडा त्यामुळे कमी होत नाही. विमानानं जा नाहीतर बोटीनं, परत आल्यावर हक्काची लढाई घरच्याच मैदानावर लढावी लागते.

खेळाकडे बाबासाहेबांच्या चळवळीनं कधी दुर्लक्ष केलं नाही. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ मध्ये आपल्या सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं, आणि मुंबईत मोफत वाचनालयाबरोबर महार हॉकी क्लबही चालवला. वसतिगृह, वाचनालय, हॉकी! हा क्रम लक्षात घ्या. पोरांना आधी जागा, पुस्तक आणि मैदान दिलं.

आता त्या प्रमाणपत्राकडे वळू. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण त्यासाठी स्पर्धा मान्यताप्राप्त असावी लागते आणि क्रीडा खात्याकडून प्रमाणपत्राची पडताळणी होते. पैसे मोजून गेलेल्या दौऱ्याचा कागद तिथे टिकेल का, एवढंच आम्ही त्या माणसाला विचारलं. स्पर्धेला कोणत्या संघटनेची मान्यता आहे, ते लेखी मागितलं. लेखी काही आलं नाही. आणि नेपाळला जायला भारतीय माणसाला पासपोर्टचीही सक्ती नाही, हे मावशींना कुणीच सांगितलं नव्हतं.

दुसरा प्रश्न 'सांस्कृतिक' या शब्दाचा. आमच्या पोरांनी तिथे कोणती संस्कृती दाखवायची? फेटे बांधून कुणाची तरी आरती? दीड दिवस शाळेत गेलेले अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला गेले आणि परत येऊन 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. ते कुणाची नक्कल करायला गेले नव्हते. वाटेगावचं आणि मुंबईच्या चाळीचं दुःख शब्दांत मांडणारा शाहीर म्हणूनच गेले. आमची पोरं जातील तेव्हा भीमगीतं, हलगी आणि संविधानाची प्रस्तावना घेऊन जातील. ही संस्कृती चालत असेल तरच 'सांस्कृतिक' म्हणा.

व्हॉलीबॉलचा एक नियम आम्हाला फार आवडतो. समोरच्याची सर्व्हिस तोडली की आपल्या सहाही खेळाडूंनी एक एक जागा सरकायचं. आज जाळीपाशी असणारा उद्या मागे, मागचा पुढे. जन्मानं कुणाची जागा ठरत नाही. एकाच खेळाडूनं लागोपाठ दोनदा चेंडू हाताळला तर फाऊल. चातुर्वर्ण्याला हा खेळ कधी कळणार नाही.

म्हणून वस्तीच्या बैठकीत ठरलं, शेळ्या विकायच्या नाहीत. जमेल ती वर्गणी जाळी, दिवे आणि चांगल्या प्रशिक्षकासाठी. पोरांबरोबर पोरींचाही संघ. मान्यताप्राप्त तालुका आणि जिल्हा स्पर्धांत नाव नोंदवायचं. आणि शासनाकडे एक मागणी करायची. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, तसाच निवड झालेल्या गरीब खेळाडूचा परदेश दौऱ्याचा संपूर्ण खर्च सरकारनं उचलावा. नगरपरिषदेपासून मंत्रालयापर्यंत हे निवेदन जाईल. सह्या गोळा करणं सुरू आहे, आणि पहिली सही त्या मावशींची आहे.

जय भीम!