आम्ही परिषदेला जातो

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने व्यवसायाच्या परिषदेवर लेख लिहावा, हे आमच्या वाणिज्य शाखेच्या मित्रांना अतिक्रमण वाटण्याचा संभव आहे. पण प्रस्तुत लेखक तासगाव तालुक्यातला आहे. आमच्या घरी द्राक्षबाग हाच व्यवसाय, आणि ‘बी. ए. होऊन करणार काय?’ हा प्रश्न दर छाटणीला नेमाने विचारला जातो. त्या प्रश्नाचे थोडेसे उत्तर गेल्या ऑगस्टात मिळाले, म्हणून हा प्रपंच.

महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० सालचा. त्याची वार्षिक परिषद बहुधा ऑगस्टात पुण्यात भरते. एप्रिलची खरडछाटणी मागे पडलेली आणि ऑक्टोबरची फळछाटणी पुढे. बागायतदाराला जरा मोकळे म्हणावेत असे हेच काय ते दिवस. त्याआधीच्या वर्षी आमचे आबा एकटेच गेले होते. येताना पिशवीभर माहितीपत्रके आणि एक पाच लिटरचा कॅन घेऊन आले. कसला कॅन, केवढ्याला, हे आईने दोनदा विचारले आणि आबांनी दोन्ही वेळा चहा मागितला.

त्या वर्षी आमचे घड जिरले. ज्यांना बाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. छाटणीनंतर डोळा फुटतो, कोवळ्या फुटीतून इवलासा घड डोकावतो, आणि काही दिवसांत तो घड राहतच नाही. त्याची बाळी होते, म्हणजे वेलीचा नुसता आकडा. बाग हिरवीगार दिसते. रस्त्याने जाणारा म्हणतो, ‘काय बाग आलीय!’ मालकाला मात्र ठाऊक असते की यंदा सोसायटीचे कर्ज फिटत नाही.

यंदा गावातले पाच जण मिळून जायचे ठरले: आबा, तात्या, अप्पा, बापू आणि लेखनिक म्हणून मी. ‘पोरगं कॉलेजात जातंय, तेवढं लिव्हायला तरी येत आसंल,’ हे तात्यांचे माझ्या शिक्षणाविषयीचे मत. श्रमविभागणी शिकवताना आमच्या सरांनी ॲडम स्मिथचा १७७६ सालचा टाचण्यांचा कारखाना सांगितला होता. दहा माणसे कामे वाटून घेऊन दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. मी जीपमध्येच कामे वाटली. तात्यांनी रोगांची व्याख्याने ऐकायची, बापूंनी निर्यातीची, आबांनी आणि अप्पांनी जमीन-पाण्याची. प्रदर्शनातले गाळे सर्वांनी मिळूनच पाहायचे आणि कोणी एकट्याने काहीही विकत घ्यायचे नाही. हे शेवटचे कलम मी सहज घातले होते. आबा जीपच्या खिडकीबाहेर पाहू लागले.

स्मिथसाहेबांचा हिशेब पहिल्याच रात्री फसला, आणि फसला ते बरेच झाले. टाचण्या भांडत नाहीत. आमची माणसे भांडली. स्वारगेटजवळच्या लॉजमध्ये मी वही उघडून वाचू लागलो. फुटीचा जोर फार असेल तर छाटणीनंतरच्या दिवसांत नत्र आणि पाणी आवरते घ्यावे, असे वक्ते म्हणाले होते. आबा म्हणाले, ‘बरोबर आहे.’ त्याच व्याख्यानाला आबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले अप्पा ताडकन म्हणाले, ‘तुझी काळी जमीन. माझ्या मुरमाडात पाणी तोडलं तर येल वाळंल!’ दोघांनी एकच वाक्य ऐकले होते, पण एकाने काळ्या जमिनीवर बसून आणि दुसऱ्याने मुरमाडावर.

मग विषय औषधांवर आला. बापूंचा माल युरोपात जातो. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडले म्हणून भारतीय द्राक्षे तिकडे अडली होती. तेव्हाचा घोर बापू अजून विसरलेले नाहीत. ते म्हणाले, ‘डब्यावर आत काय हाय ते लिव्हलेलं नसंल तर त्यो डबा बागंत जाता कामा नये.’

खोलीत शांतता झाली. पंखा तेवढा कुरकुरत होता. आबांनी बराच वेळ तंबाखू मळली आणि खाली मान घालून म्हणाले, ‘माझ्या डब्यावर न्हवतं लिव्हलेलं. अठरा हजार दिलं.’

मी वही मिटली. वडिलांचे असे बोलणे लिहून घ्यायचे नसते.

तेवढ्यात तात्या म्हणाले, ‘निळ्या झाकणाचा का?’ तात्यांनीही घेतला होता, त्याच्याही आदल्या वर्षी. आणि अप्पांनी तर दोन! एका गल्लीत राहणारी, रोज पारावर भेटणारी तीन माणसे तोच कॅन आपापल्या गोठ्यात पोत्याखाली झाकून बसली होती, आणि आपणच तेवढे फसलो असे प्रत्येकाला वाटत होते. तात्यांनी घरी किंमत किती सांगितली होती ते सांगितल्यावर आबा जे हसू लागले, ते ठसका लागेपर्यंत. वर्षभरात मी त्यांना तसे हसताना पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा प्रश्न विचारायला मला उभे केले. ध्वनिक्षेपक हाती आल्यावर पाय लटपटले. तज्ज्ञांनीच मला उलट विचारले, ‘माती कसली? देठ परीक्षण केले का? नत्र किती निघाले?’ मला काय ठाऊक! पण मागून अप्पा मुरमाची खोली सांगत होते, तात्या पाण्याच्या पाळ्या आणि आबा खतांचे प्रमाण. सभागृह हसले, तज्ज्ञही हसले आणि म्हणाले, परीक्षण करून घ्या, एकच मात्रा सगळ्यांना लागू पडत नाही. देठ परीक्षण मात्र आमच्यापैकी कोणीच केलेले नव्हते, हे पाचही जणांनी एकाच वेळी कबूल केले. एकट्या माणसाने तेवढ्या सभेत ते कबूल केले असते असे मला वाटत नाही. आबांनी तर नक्कीच नाही.

परत आल्यावर चौघांनी माती आणि पाणी एकत्रच तपासायला दिले, देठ त्या त्या वेळी दिले. औषधेही एकत्र मागवली; दुकानदाराने दर थोडा उतरवला, पण तो लाभ किरकोळ. वही सध्या तात्यांच्या घरी आहे. माझे अक्षर लागत नाही, अशी त्यांची तक्रार आहे.

ऑक्टोबरात छाटण्या झाल्या. पंधरा दिवसांनी आम्ही ओळीने बागा पाहत फिरलो. आमच्या बागेत घड बरे टिकले होते. अप्पांच्या बागेत त्याहून बरे होते; अप्पांनी पाणी तोडले नव्हते.