बाण सरळ, वाट वाकडी

मुलांनो, गड चढायला तुम्हांला आवडतं ना? मग चला, आज हरिश्चंद्रगडावर जाऊ या! हा गड अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आहे. आपण मात्र पुणे जिल्ह्याच्या बाजूने चढणार आहोत, जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वर गावातून. पाठीवरच्या पिशवीत पाणी, भाकरी-चटणी, विजेरी, शिट्टी आणि होकायंत्र घेतलंत? शाबास! आज आणखी एक वस्तू बरोबर घ्यायची आहे. मुठीत मावेल एवढं, जाडजूड, बटणांचं आणि छोट्या पडद्याचं एक यंत्र. याला म्हणतात हातातलं जीपीएस. तुमच्या ताईच्या किंवा बाबांच्या मोबाइलमध्येही हीच सोय असते. पण पावसात पडदा भिजला की मोबाइल बोटाचं ऐकेनासा होतो. हे यंत्र पाऊस आणि धक्के सोसेल असंच बनवलेलं असतं. शिवाय यातल्या काही यंत्रांत साधे पेन्सिल सेल चालतात. ते संपले तर पिशवीतून दुसरे काढून घालता येतात.

आणि हो, गावातले एक मामा आपले वाटाडे म्हणून येणार आहेत. त्यांच्या हातात यंत्र नाही, फक्त काठी आहे. त्यांना वगळून पुढे पाऊल टाकायचं नाही, बरं का! का ते पुढे कळेलच.

निघण्याआधी उघड्या आभाळाखाली उभं राहून यंत्र चालू करा. थोडा वेळ ते गप्पच राहील. काय करतंय ते? आकाशातले उपग्रह शोधतंय! अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. सगळं काम नीट चालायला असे किमान २४ उपग्रह लागतात. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बैदू या अशाच दुसऱ्या यंत्रणा. आपल्या इस्रोनेही २०१३ पासून 'नाविक' या यंत्रणेचे उपग्रह सोडले आहेत.

उपग्रह आपल्याला पाहत असतो, असं पुष्कळ मुलांना वाटतं. तसं मुळीच नाही. उपग्रह फक्त एकच गोष्ट सारखी सांगत असतो, "मी अमुक जागी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत." हा निरोप प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर या वेगाने येतो. डोक्यावरच्या उपग्रहापासून आपल्यापर्यंत यायला त्याला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. निरोप किती वेळाने आला यावरून उपग्रह किती लांब आहे ते आपलं यंत्र मोजतं.

पण नुसत्या अंतरावरून जागा कशी कळणार? त्यासाठी शाळेच्या मैदानावर एक खेळ खेळून पाहा. तीन ठिकाणी तीन खुंट्या ठोका. प्रत्येक खुंटीला वेगळ्या लांबीची दोरी बांधा. आता तिन्ही दोऱ्या ताणून त्यांची टोकं एकत्र आणा. लांब्या नीट निवडल्या असतील, तर ती टोकं मैदानात एकाच जागी भेटतील. ती तुमची जागा! उपग्रहांचंही असंच. फक्त तिथे चौथी 'दोरी' लागते. उपग्रहात अतिशय अचूक अशी अणुघड्याळं असतात, आपल्या यंत्रात मात्र साधं घड्याळ असतं. त्याची चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह हवा. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरनी चुकतं!

पाहा, पडद्यावर आकडे आले. हा आहे खिरेश्वरचा पत्ता, अक्षांश आणि रेखांशात. त्याची 'खूण' म्हणून नोंद करा आणि नाव द्या 'गाव'. 'वाट नोंदवा' हे बटणही दाबा. आता आपण जिथून जिथून जाऊ तिथे यंत्र ठिपके टाकत जाईल.

चला, निघालो! झाडीतून तास-दीड तासाची वाट चढलो की तोलार खिंड येते. इथे वाघाचं शिल्प कोरलेला एक जुना दगड आहे. तो पाहून घ्या आणि क्षणभर बसा. इथून डाव्या हाताला गडाची वाट वर चढते. आधी कातळाचा खडा चढ आहे. वर चढण्यापूर्वी आपण नकाशा वाचायला शिकू या.

आईबाबा रस्ता शोधायला मोबाइलवर जो नकाशा उघडतात, तो इथे फारसा उपयोगाचा नाही. त्यात गल्ल्या, दुकानं, पेट्रोलपंप दिसतात, पण डोंगर म्हणजे नुसता हिरवा रंग! आपल्याला हवा समोच्च रेषांचा नकाशा. भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही या रेषा पाहिल्या असतील. समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असलेली ठिकाणं जोडणारी रेषा ती समोच्च रेषा. आपल्या देशाचे असे नकाशे करणारं खातं म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभाग. त्याची स्थापना १७६७ सालची! त्यांच्या एका प्रकारच्या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. त्यावर साधारण दर २० मीटर उंचीला एक रेषा असते. रेषा एकमेकींपासून लांब असल्या की जमीन सपाट. जवळ आल्या की चढ. आणि एकमेकींना चिकटून काळा पट्टाच दिसू लागला की तिथे कडा. असे नकाशे आता मोबाइलवर आणि जीपीएस यंत्रातही भरून घेता येतात. पण ते घरूनच भरून आणायचे. आपण कुठे आहोत हे कळायला मोबाइलची रेंज लागत नाही, ते उपग्रहांवरून कळतं. नकाशा उतरवून घ्यायला मात्र रेंज लागते. डोंगरात ती नसेल, तर कोऱ्या पडद्यावर आपला एकटा ठिपका तेवढा दिसत राहील!

कातळ चढून आपण पठारावर आलो. इथून मंदिरापर्यंत टेपाडं चढायची, उतरायची, ओढे ओलांडायचे आणि पुन्हा चढायचं. उन्हाळ्यात सगळं लख्ख दिसतं. पावसाळ्यात मात्र कोकणातून ढग वर येतात आणि बघता बघता चार पावलांवरचा सोबतीही दिसेनासा होतो. इथे पुष्कळांची वाट चुकते ती अशाच धुक्यात. सगळी टेपाडं सारखी, सगळ्या पाऊलवाटा सारख्या!

"आता यंत्र काय म्हणतंय?" मामा विचारतात.

यंत्रात एक तुटक रेघ दिसतेय. ती कोणी काढली? नकाशांचे काही संग्रह लोकांनी मिळून केलेले असतात. २००४ साली सुरू झालेला 'ओपनस्ट्रीटमॅप' हा त्यातला प्रसिद्ध. हौशी माणसं आपण चाललेल्या वाटा त्यात काढतात. काम मोलाचं आहे. पण रेघ काढणारा स्वतःच चुकला असेल तर? किंवा त्याची वाट मागच्या पावसात दरड कोसळून बुजली असेल तर? रेघेला ते काय ठाऊक!

"इकडं बगा," मामा काठीने दाखवतात. "ही ढोरवाट. म्हशी जात्यात चरायला. रुंद दिसती, पन म्होरं गवतात इरून जाती. मानसांची वाट ती. दगडावर दगड ठेवल्यात, दिसलं का?"

दिसलं! आपल्यासारख्यांसाठीच कुणीतरी दगडांचे छोटे मनोरे रचून ठेवले आहेत. असा मनोरा दिसला की यंत्रातही खूण करून ठेवा. आणि मनोरे कधी पाडू नका, गंमत म्हणून भलतीकडे रचूही नका. तुमची गंमत धुक्यातल्या दुसऱ्या कुणाच्या जिवावर बेतेल.

पुढे आपण हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी पोचतो. दगडात कोरलेलं किती सुंदर मंदिर! जवळच केदारेश्वराची गुहा आहे. आत गारेगार पाण्यात मोठी पिंड आहे आणि तिच्याभोवतीच्या चार खांबांपैकी एकच खांब आता शाबूत आहे. गुहेत यंत्र चालवून पाहा. उपग्रह दिसेनासे होतात, कारण हे संदेश फार क्षीण असतात. धुक्यातून ते सहज येतात, खडकातून नाही. उंच भिंतींच्या अरुंद घळीत तर आणखी घोटाळा होतो. संदेश कातळावर आपटून लांबच्या वाटेने येतात आणि यंत्र आपल्याला भलत्याच जागी दाखवतं.

आता पश्चिमेला, कोकणकड्याकडे! मामा सांगतील तिथेच थांबायचं. वाटीसारखा आत गेलेला हा प्रचंड कडा, आणि पायाखाली शेकडो मीटर खोल कोकण. समोर धुकं आणि पाठीशी ऊन असेल, तर इथे कधी कधी संपूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसतं. त्याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली याच गडावरच्या अशा इंद्रधनुष्याचं वर्णन छापलं होतं.

खाली दूर घरं दिसतात ना? ते बेलपाडा. यंत्राला सांगा, "बेलपाड्याला ने." लगेच पडद्यावर बाण येतो आणि अंतर येतं, अगदी थोडे किलोमीटर! बाण कुठे दाखवतोय? सरळ कड्याच्या बाहेर, हवेत!

यंत्र खोटं बोलत नाहीये, मुलांनो. त्याला विचारलेल्या प्रश्नाचं त्याने बरोबर उत्तर दिलं. गाव त्याच दिशेला आहे आणि अंतरही तेवढंच आहे. पण ते अंतर कावळ्याचं आहे, माणसाचं नाही. बेलपाड्याहून कड्याच्या बाजूने वर येणारी नळीची वाट आहे, पण ती अनुभवी गिर्यारोहकांनाही दमवते. म्हणून बाण कुठेही दाखवो, आधी नकाशावरच्या समोच्च रेषा पाहायच्या. मधे त्या चिकटलेल्या असतील, तर बाणाकडे पाठ फिरवायची.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मोकळ्या आभाळाखाली चांगला मोबाइलसुद्धा सुमारे ५ मीटरची चूक करतो. पूर्वी ही चूक फार मोठी होती. जीपीएस मुळात अमेरिकेच्या सैन्यासाठी बनलं. १९८३ साली कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. त्यात २६९ माणसं मेली. त्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी ही यंत्रणा सामान्य लोकांनाही खुली करण्याचं जाहीर केलं. तरी सैन्याबाहेरच्या लोकांसाठी तिच्यात मुद्दाम चूक घातलेली असे. ती जवळजवळ १०० मीटरपर्यंत जायची! मे २००० मध्ये ही घातलेली चूक काढून टाकली. १०० मीटर म्हणजे किती, ते मैदानावर कळत नाही. कोकणकड्यावर कळतं. आणि इथे ५ मीटरही कमी नाहीत! म्हणून धुक्यात यंत्राच्या भरवशावर काठ शोधत जायचं नाही.

"धुकं आलं तर काय करायचं, मामा?"

"बसायचं. समद्यांनी एका जागी बसायचं. धुकं आपसूक जातं. पोरगं गेलं तर परत येत नाही."

परतताना मात्र यंत्र खरी करामत दाखवतं. सकाळपासून टाकलेले ठिपके आता आपल्याला उलट्या क्रमाने गावाकडे नेतात. ही कुणी दुसऱ्याने काढलेली रेघ नाही, आपल्याच पावलांची आहे. म्हणून तिच्यावर जास्त विश्वास ठेवता येतो. मोबाइल वापरत असाल तर तो विमान-मोडवर ठेवा. रेंज शोधण्यात बॅटरी संपणार नाही आणि बहुतेक मोबाइलमध्ये जीपीएस चालूच राहील. यंत्र बंद पडलंच, तर होकायंत्र आहे, कागदावरचा नकाशा आहे आणि मामा आहेत.

समजा कुणाचा पाय मोडला आणि ११२ वर फोन करून जागा सांगायची आहे. हरिश्चंद्रगडाचा साधारण पत्ता १९.३९ अंश उत्तर, ७३.७८ अंश पूर्व असा आहे. घाईत कुणी "एकोणीस अंश एकोणचाळीस मिनिटं" म्हणालं तर? एका अंशात मिनिटं ६० असतात, म्हणून १९.३९ अंश म्हणजे १९ अंश २३ मिनिटं! एवढ्या चुकीने मदतीला येणारी माणसं सुमारे २९ किलोमीटर उत्तरेला जातील. गणिताच्या तासाला दशांश चिन्हाचा कंटाळा येतो ना? आता नाही येणार!

तर मग, रविवारी एक काम करा. घरापासून शाळेपर्यंत पावलं मोजत चाला आणि वाटेचा नकाशा काढा. चढ, उतार, विहीर, मोठं झाड, चावणारा कुत्रा, सगळं त्यात दाखवा. मग मोठ्यांच्या मोबाइलवर तीच वाट उघडा आणि दोन्ही नकाशे शेजारी ठेवा. मोबाइलच्या नकाशात काय काय नाही, त्याची यादी करून वर्गात आणा.