अष्टमीच्या सावल्या

कोजागरीचा चंद्र दुधात पाहावा, दुर्बिणीतून पाहू नये. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी असतो, चंद्रावर उजेड अगदी समोरून पडतो आणि तिथल्या सावल्या जवळजवळ नाहीशा होतात. डोंगर, विवरं, दऱ्या सगळं एका लखलखाटात सपाट होऊन जातं. गच्चीवर दूध आटवायला जमलेल्या मंडळींना त्या रात्री दुर्बीण लावून दिली, की आधी 'अहाहा' होतं आणि लगेच 'एवढंच?' असा चेहरा होतो. पेन्सिल घेऊन बसणाऱ्याला चंद्र हवा तो अष्टमीचा, कारण कागदावर उतरवायच्या असतात त्या सावल्या.

उजेड आणि अंधाराच्या सीमेवर चंद्रावर सूर्य नुकता उगवत असतो. तिथे लहानसा उंचवटाही लांबलचक सावली टाकतो. ही सीमारेषा आज कुठे असेल, हे सांगायला पंचांग पुरतं. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी होते. तेवढ्याच वेळात सीमारेषाही चंद्रावर बारा अंश सरकते. त्यामुळे भिंतीवरचं कालनिर्णय हेच माझं वेळापत्रक. सीमारेषेवर येणारी विवरं अशी: शुक्ल षष्ठीच्या सुमारास थिओफिलस, नवमीला टायको आणि प्लेटो, दशमीला ९३ किलोमीटर रुंदीचं कोपर्निकस, द्वादशीला अ‍ॅरिस्टार्कस. चंद्र आपल्याकडे पाहताना किंचित डुलतो, म्हणून अर्ध्या-पाऊण तिथीचं मागंपुढं होतं, इतकंच.

कोल्हापूरकराला ही कोनाची गोष्ट वेगळी समजावून द्यावी लागत नाही. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून अंबाबाईच्या गाभाऱ्यात शिरतात आणि पायांपासून चढत मुखापर्यंत पोचतात. एरवीही सूर्य तोच आणि मूर्ती तीच. तो कोन मात्र जुळत नाही. चंद्रावरच्या प्रत्येक विवराचा असाच आपला किरणोत्सव असतो. तो दर महिन्याला येतो आणि उलट्या दिशेनं चालतो. आधी उजळतात कडा आणि शिखरं, मग ऊन हळूहळू तळाला उतरतं.

आकाशगंगेसाठी शहराचा झगमगाट सोडून पन्हाळा नाहीतर मसाई पठार गाठावं लागतं. चंद्राला राजारामपुरीतली गच्ची पुरते. डोळे अंधाराला सरावलेले असायची गरज नाही, लाल बॅटरीचा थाटही नको. पावसाळा सरला की पॅड, एचबीपासून सिक्सबीपर्यंतच्या पेन्सिली आणि खोडरबर एवढ्यावर भागतं. अख्खा चंद्र काढायच्या फंदात पडू नये. एक विवर निवडावं आणि पहिल्या काही मिनिटांत सावल्यांच्या कडा बांधून घ्याव्यात. ती सीमारेषा चंद्राच्या विषुववृत्तापाशी ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास सरकत असते. आपण राखाडी छटा भरत बसतो, तोवर तळावरची सावली आखूड होते आणि मघाशी अंधारात असलेलं शिखर चमकू लागतं. ते चित्रात घालायचा फार मोह होतो. घालायचं नाही. कागदाच्या कोपऱ्यात लिहिलेल्या वेळेला जे होतं तेच ठेवायचं, नाहीतर दोन वेगळ्या वेळांचं ऊन एका विवरात पडतं.

याहून अवघड काम डोळ्याचं आहे. जुलै १६०९ मध्ये इंग्लंडमध्ये गणितज्ञ थॉमस हॅरियटनं सहापट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून पाहून चंद्र काढला. त्याच्या कागदावर एक दातेरी सीमारेषा आहे आणि थोडे काळे डाग. विवर एकही नाही. काही महिन्यांनी गॅलिलिओनं पाहिलं. त्याची दुर्बीण जास्त ताकदीची होती हे खरं, पण छायाप्रकाशाची चित्रकलाही तो जवळून जाणत होता. अंधाऱ्या बाजूला सुटे चमकणारे ठिपके म्हणजे ऊन लागलेली शिखरं, हे त्यानं ओळखलं आणि त्यांवरून डोंगरांची उंचीही काढली. त्याचं पुस्तक मार्च १६१० मध्ये निघालं. त्यानंतरच्या हॅरियटच्या रेखाटनांत विवरं दिसू लागतात.

आमच्या गावाला कलापूर म्हणतात ते आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्यामुळे. पण चंद्र काढायला बसलं की मला आठवतात ती चंद्रकांत मांडरे यांची पावडर शेडिंगची निसर्गचित्रं. राजारामपुरीतल्या त्यांच्या संग्रहालयात ती पाहायला मिळतात. त्यांत रेषेचा आधार नाही, सगळा कारभार छटांचा. चंद्रावरही बाह्यरेषा कुठेच नसते. विवराचा गोल आपण मनात आधीच आखलेला असतो. डोळ्यापुढे असतो फक्त एका बाजूला काळोख आणि समोरच्या भिंतीवर ऊन. गोल न काढता या दोहोंतून तो उभा राहिला, तर चित्र जमलं.

हल्ली भिंगाला मोबाईल लावला की क्षणात उत्तम फोटो मिळतो. तो सगळंच घेतो, त्यामुळे आपल्याला काहीच ठरवावं लागत नाही. पेन्सिलीची प्रत्येक रेघ मात्र ठरवून मारावी लागते, आणि ठरवणारा चुकू शकतो. १८६६ मध्ये अथेन्सहून खगोलशास्त्रज्ञ यूलियस श्मिटनं जाहीर केलं, की लिने नावाचं विवर बदललं आहे. चंद्राचे नकाशे काढणाऱ्या लोरमान आणि मेडलर यांनी पूर्वी ते ठळक, खोल विवर म्हणून नोंदवलं होतं. श्मिटला तिथे नुसता पांढुरका डाग दिसत होता. चंद्र मृत आहे असं मानून पाठ फिरवलेले निरीक्षक पुन्हा दुर्बिणींकडे धावले. वाद बराच काळ चालला. लिने जसं होतं तसंच आहे, जेमतेम सव्वादोन किलोमीटरचं विवर आणि भोवती उजळ वलय. घोळ रेखाटनांचा होता. पण त्या घोळामुळे लोकांनी चंद्र पुन्हा निरखून पाहिला, आणि खुद्द श्मिटनं १८७८ मध्ये ३२,८५६ विवरांचा नकाशा छापला.

आज चंद्राभोवती फिरणाऱ्या यानांनी त्याचा कोपरा न् कोपरा टिपला आहे. माझ्या कागदाचा विज्ञानाला काडीचा उपयोग नाही. गच्चीवर येणाऱ्या पोरांना होतो. नुसता डोळा लावायला दिला आणि काय दिसतं विचारलं, तर उत्तर येतं, 'चंद्र.' हातात पेन्सिल देऊन 'काढ' म्हटलं, की थोड्या वेळानं हाक येते, 'ओ काका, ही सावली टोकाला फुटलीया काय?' मी उत्तर देत नाही. पुन्हा बघ आणि दिसेल तसं काढ, म्हणतो.