एका टिंबाचा घोळ

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वांग्यावरची कीड पाहायला एका शेतकऱ्याच्या वस्तीवर गेलो होतो. ओसरीवर त्याची सहावीतली लेक वही पुढ्यात घेऊन मुसमुसत होती.

"गणितात पुन्हा नापास. डोकंच न्हाई तिला," बाप म्हणाला. "औंदा शाळा सोडवतो. खुरपं तरी धरील."

चहा येईपर्यंत म्हणून मी वही हाती घेतली. ०.५ आणि ०.४५ यांत मोठी संख्या कोणती, असा प्रश्न होता. पोरीने ०.४५ लिहिले होते आणि त्यावर लाल फुली होती.

"असं का गं लिहिलंस?"

"काका, पाचापेक्षा पंचेचाळीस मोठे असतात ना?"

तिचे काय चुकले? पहिलीपासून ती हेच शिकली होती, की जास्त आकडे ती संख्या मोठी. टिंबाच्या पुढे हा कायदा चालत नाही, हे तिच्या मनात कुणी उतरवलेच नव्हते. मीही आधी मास्तरकीच केली. "पाचापुढे शून्य मांड, मग ताडून बघ," म्हणालो. तिने मान डोलावली, पण ०.३ आणि ०.२५ विचारताच पुन्हा पंचवीसच मोठे!

मग काठी घेतली आणि अंगणात मोठा चौकोन आखला. "हे तुमचं एक हेक्टर रान. शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद. याचे सारखे दहा पट्टे पाड." तिने पाडले. "एक पट्टा म्हणजे ०.१ हेक्टर. आता एका पट्ट्याचे दहा तुकडे कर. एक तुकडा म्हणजे ०.०१ हेक्टर, सातबारावरचा एक आर. आपल्या गुंठ्याहून जरासा लहान. टिंबानंतरचं पहिलं घर पट्ट्यांचं, दुसरं तुकड्यांचं. सांग, ०.५ म्हणजे किती?"

"पाच पट्टे."

"आणि ०.४५?"

ती खाली वाकली, बोटाने मोजू लागली. "चार पट्टे, पाच तुकडे..." आणि एकदम हसली. "काका, पाचवा पट्टा अर्धाच भरला!"

पुढची चार उदाहरणे तिने पटापट सोडवली. बाप मात्र गप्प होता. जरा वेळाने हळूच म्हणाला, "सायेब, मागल्या साली माझी वांगी ह्यानंच करपली. चिठ्ठीवर लिटरला ०.५ मिली औषध होतं. म्या पाच मिली घातलं."

पंधरा लिटरच्या पंपाला साडेसात मिली पुरे होते, तिथे पंचाहत्तर पडले. ती चिठ्ठी माझ्याच हातची होती. लिहून दिली आणि फटफटीला किक मारून निघून गेलो होतो. समजली का, हे विचारले नव्हते. त्याच्याच्याने पुढे बोलवेना, आणि माझ्याच्याने त्याच्याकडे बघवेना.

तेव्हापासून मी चिठ्ठीवर आकड्याशेजारी 'अर्धा मिली' असे अक्षरी लिहितो आणि समोरच्याकडून मापून घेतो.

पोरगी आता सातवीत आहे. गणितात काही पहिली येत नाही, पण पंपाचे औषध घरात तीच मापते. मायबापहो, पोराचे गणित चुकले तर डोके नाही म्हणण्याआधी एकदा विचारा, "असं का लिहिलंस?" उत्तर नीट ऐका. घोळ बहुधा टिंबाएवढाच असतो.