रांजणात टाकलेले शब्द

मुलांसाठी जादूची कादंबरी लिहायची तर त्यातली जादू फुकट मिळता कामा नये, एवढं पहिल्या दिवसापासून ठरलं होतं. कांडी फिरवली की काम झालं, असं असेल तर नऊ-दहा वर्षांचा वाचक दुसऱ्या प्रकरणात पुस्तक मिटतो. अर्सुला ल ग्विनच्या १९६८ सालच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'त वस्तूचं खरं नाव कळलं की तिच्यावर सत्ता चालते. मला याच्या उलटं काहीतरी हवं होतं. नाव देऊन टाकायचं आणि बदल्यात वाट मिळवायची.

वाट नाणेघाटाची. वैशाखऱ्याकडून चढून गेलं की घाटमाथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण दिसतो. सातवाहनांच्या काळात कोकणातून जुन्नरकडे जाणारे व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. माझ्या दहा वर्षांच्या गंगीकडे नाणी नाहीत. घाट उतरून गेलेला तिचा भाऊ परत आलेला नाही. रांजण तिला म्हणतो, शब्द टाक. एकदा टाकलेला शब्द तिला पुन्हा उच्चारता येत नाही.

गंगी चलाख आहे. पहिल्यांदा ती 'कंटाळा' टाकते. ब्याद गेली! पुढची तीन प्रकरणं ती अगदी जीव नकोसा होईपर्यंत कंटाळते आणि ते कुणाला सांगताच येत नाही. 'भाकरी' गेल्यावर मात्र गंमत संपते.

गोष्ट गंगीच सांगते, त्यामुळे गेलेला शब्द पुढे मलाही वापरता येत नाही. तो चुकून कुठे आलाय का हे तपासायला मी पायथनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. पण मराठी शब्द एका जागी गप्प बसत नाही. 'वारा'वर बंदी घातली की 'वाऱ्यावर' आणि 'वाऱ्यानं' अलगद निसटतात. त्यात 'ऱ्या' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतं. आपल्याला दोन्ही सारखीच दिसतात, कॉम्प्युटरला वेगळी. शेवटी प्रत्येक शब्दाची सगळी रूपं हातानं यादीत भरली. ऑफिसात कुणी असा कोड दाखवला असता तर मी परत पाठवला असता.

आता ही कल्पना आली कुठून ते. तीन वर्षांपूर्वी बाबांना स्ट्रोक आला, मेंदूच्या डाव्या बाजूला. चालणं बरंचसं परत आलं, बोलणं तेवढं आलं नाही. याला ॲफेजिया म्हणतात. त्यांना बोललेलं समजतं. समोर पेला असतो, तो कशासाठी असतो हे माहीत असतं, तहानही लागलेली असते. फक्त 'पेला' येत नाही. 'ते... ते...' करत राहतात आणि मग मान फिरवून खिडकीबाहेर बघतात. ते खिडकीबाहेर बघणं मला सगळ्यात अवघड जातं.

स्पीच थेरपिस्टनं एक गोष्ट दाखवली. 'किती वाजले' विचारलं तर बाबांना 'सात' म्हणता येत नाही, पण एकपासून मोजायला लागले की ते सरळ सातवर येऊन थांबतात. ओळीनं पाठ झालेलं बऱ्याचदा शाबूत राहतं: आकडे, वार, श्लोक. बाबांच्या बाबतीत आणखी एक होतं. तीस वर्षं एसटीत कंडक्टर. आत्या कुठे राहते असं विचारलं की तोंडातून काही निघत नाही. पण 'भोसरी' म्हणून सुरुवात करून दिली की 'चाकण, खेड, मंचर' म्हणतात आणि मंचरला थांबून माझ्याकडे बघतात. नारायणगावला जात नाहीत.

तिथेच मला रांजणाचा दुसरा नियम सापडला. तो सुटे शब्द गिळतो. माळेत ओवलेले शब्द त्याला गिळता येत नाहीत. गंगीला 'भाकरी' म्हणता येत नाही, पण आजीची जात्यावरची ओवी म्हणत गेली की ती भाकरीपाशी पोचते आणि तिथं थांबते. घाटातल्या लेण्यात नागनिकेच्या काळचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञात दिलेल्या दक्षिणेचे आकडे त्यात कोरलेले आहेत आणि भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांमध्ये ते मोडतात. गंगी अंधारात त्यांवरून बोट फिरवत मोजते, ते प्रकरण मी एका बैठकीत लिहिलं. स्क्रिप्टमध्येही अपवाद घातला: आधीची ओळ पूर्ण असेल तर बंदी उठवायची.

अडलं ते शेवटाशी. भाऊ परत हवा तर शेवटची जकात आहे 'दादा'. ज्या दोन मित्रांनी खर्डा वाचला, त्यांचं म्हणणं होतं की रांजण फोडून टाक, शब्द भराभर बाहेर येऊ देत, मुलांचं पुस्तक आहे. या प्रकारच्या गोष्टींत तसंच होतं, हे खरंय. मीही तेवढ्याच खुशीनं असे शेवट वाचत आलोय.

पण रविवारी मी प्रकरणं वाचतो तेव्हा माझी नऊ वर्षांची भाची ऐकायला असते आणि तिच्या शेजारी बाबा. तिनं विचारलं, "मामा, रांजण फुटला की सगळे शब्द परत येतात ना?" मी म्हटलं, अजून लिहिलं नाही. ती आबांकडे बघत म्हणाली, "आबांचे पण?"

बाबांना प्रश्न समजला होता. त्यांच्यासमोर बसून रांजण फोडायला माझा हात धजेना. तो दगडाचा आहे, दोन हजार वर्षं तिथं आहे, फुटत नाही. गंगी 'दादा' टाकते. भाऊ समोर येतो आणि तिला त्याला हाक मारता येत नाही. 'दादा'पर्यंत नेणारी माळ कुठेच नाही, म्हणून दोघं घाट चढता चढता नवी माळ बनवतात, रोज म्हणतात, रोज अडतात. किती दिवसांनी जमतं हे पुस्तकात सांगितलेलं नाही.

ती माळ गेले तीन रविवार भाची आणि बाबा मिळून करताहेत. तिच्या बाजूनं मांजर, पाऊस आणि एक अर्थ नसलेला शब्द आलाय, बाबांकडून अर्थात थांबे. गंगीच्या काळात एसटी नव्हती, पण चाकण आणि मंचर मी राहू देणार आहे. राजगुरुनगरला बाबा पहिल्यापासून खेडच म्हणतात, त्यामुळे तेवढी एक दुरुस्ती वाचली.